घामाची पावती

उन्हाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी सहा-साडेसहाला उत्तर इंग्लंडमधल्या हॉर्टन-इन-रिबल्सडेल या खेड्यात गेलात, तर रस्त्याच्या कडेला बुटांच्या नाड्या आवळणारी माणसं दिसतील. गिर्यारोहक म्हणावेत असे त्यांत थोडेच. बाकी शाळेतल्या बाई, प्लंबर, बँकेतला कारकून, नुकतेच निवृत्त झालेले आजोबा आणि ‘मी कशाला हो म्हटलं’ असा चेहरा करून उभा असलेला कुणाचा तरी भाऊ. पुढच्या बारा तासांत त्यांना पेन-इ-गेंट (694 मीटर), व्हर्नसाइड (736 मीटर) आणि इंगलबरो (723 मीटर) हे तीन डोंगर चढून-उतरून परत याच गावात यायचं असतं. एकूण चाल 24 मैल, म्हणजे जवळपास 39 किलोमीटर. कळसूबाई करून आलेला माणूस या उंचीला हसेल. पण तिन्ही डोंगर मिळून चढ दीड हजार मीटरच्या वर जातो, मधल्या दलदलीत पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि पाऊस तिथे ऋतू विचारून येत नाही.

यांतल्या काहींच्या अंगात पिवळा टी-शर्ट असतो. तो यॉर्कशर एअर अँब्युलन्सचा. 2000 साली सुरू झालेल्या या संस्थेची पिवळी हेलिकॉप्टरं शेतातल्या ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसापासून मोटारवेवरच्या अपघातापर्यंत कुठेही डॉक्टर आणि पॅरामेडिक घेऊन उतरतात. रुग्णाला बिल येत नाही. खर्च निघतो तो मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर.

आता एक साधा गुणाकार-भागाकार. असं हेलिकॉप्टर ताशी साधारण 240 किलोमीटर वेगाने जातं. पिवळ्या टी-शर्टवाले जी वाट बारा तासांत तुडवतात, ती त्याला सुमारे दहा मिनिटांची. म्हणजे कुणाला तरी दहा मिनिटांत मदत मिळावी म्हणून कुणीतरी बारा तास चालतं. प्रश्न असा, की पैसेच द्यायचे तर सरळ का देत नाहीत? शेजाऱ्याच्या पायाला फोड आल्याशिवाय ब्रिटिश माणसाचं पाकीट उघडत नाही की काय?

सरकार कुठे गेलं?

त्याआधी दुसरा प्रश्न. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 1948 पासून आहे. हृदयाची शस्त्रक्रिया मोफत, रस्त्यावरची अँब्युलन्स मोफत. मग हेलिकॉप्टरसाठी दारोदार का फिरावं लागतं?

स्कॉटलंडचं उत्तर वेगळं आहे. तिथल्या बेटांवरून रुग्णाला विमानाने हलवण्याची सुरुवात 1933 मध्येच झाली, आयला बेटावरून. पुढे ती सेवा सरकारी झाली आणि आजही आहे. 2013 मध्ये एक धर्मादाय संस्था तिच्या जोडीला आली. इंग्लंडमध्ये मात्र पहिलं कायमस्वरूपी अँब्युलन्स हेलिकॉप्टर उडालं 1 एप्रिल 1987 रोजी, कॉर्नवॉलमध्ये. कॉर्नवॉल म्हणजे नकाशावर इंग्लंडचं समुद्रात गेलेलं पायाचं बोट: दोन्ही बाजूंना कडे, मध्ये उंच कुंपणांच्या गल्लीवजा वाटा, आणि उन्हाळ्यात त्या वाटांवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. मोठं रुग्णालय एकच, ट्रूरोला. रस्त्याने जाणाऱ्या अँब्युलन्सची तिथे काय गत होत असेल, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

शेजारच्या डेव्हनची गोष्ट एका आईपासून सुरू होते. तिचा सतरा वर्षांचा मुलगा 1986 मध्ये रस्ता अपघातात जखमी होऊन गेला. हेलिकॉप्टर असतं तर कदाचित वाचला असता, हे कळल्यावर तिने निधी उभा करायला घेतला. ऑगस्ट 1992 मध्ये डेव्हनचं हेलिकॉप्टर उडालं. लंडनमध्ये सुरुवात झाली ती एका अहवालाने. गंभीर अपघातांनंतरच्या मृत्यूंपैकी जवळपास एकतृतीयांश टाळता आले असते, असं शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजने 1988 मध्ये नोंदवलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनची सेवा सुरू झाली. वेल्सने 2001 मध्ये 1 मार्चचा, त्यांच्या संत डेव्हिडच्या सणाचा मुहूर्त धरला. उत्तर आयर्लंड सगळ्यांत मागे राहिलं. तिथे डॉ. जॉन हाइंड्स नावाचे भूलतज्ज्ञ मोटारसायकल शर्यतींत स्पर्धकांच्या मागोमाग स्वतःच्या मोटारसायकलवरून जात आणि पडलेल्याला जागेवर उपचार देत. हेलिकॉप्टर सेवेसाठी ते झगडत होते. जुलै 2015 मध्ये अशाच एका शर्यतीच्या सरावात सेवा देताना अपघात होऊन ते गेले. त्यांची मागणी लोकांनी उचलून धरली आणि दोन वर्षांनी, जुलै 2017 मध्ये तिथलं पहिलं हेलिकॉप्टर उडालं.

कुठे भूगोल, कुठे एका घरावरचा आघात, कुठे एक जिद्दी डॉक्टर. सरकारी योजनेत नसलेली गोष्ट जिल्ह्या-जिल्ह्यातल्या लोकांनी आपापली उभी केली आणि मग ती त्यांचीच राहिली. आज ब्रिटनमध्ये अशा वीसएक संस्था आहेत. सरकारने अधूनमधून एकरकमी मदत केली. 2018 च्या अर्थसंकल्पात इंग्लंडमधल्या सेवांना एक कोटी पौंड मिळाले. पण रोजचा गाडा देणगीवर चालतो.

ब्रिटिशांना यात फारसं नवल वाटत नाही, कारण समुद्रात बुडणाऱ्याला वाचवणाऱ्या तिथल्या जीवरक्षक बोटी 1824 पासून अशाच, देणग्यांवर चालतात. 1886 मध्ये ‘मेक्सिको’ नावाच्या जहाजाच्या मदतीला गेलेले 27 बोटवाले बुडाले. पुढे 1891 मध्ये त्यांच्या मागे राहिलेल्यांसाठी आणि बोटींसाठी मँचेस्टरच्या रस्त्यांतून खऱ्या बोटींची मिरवणूक निघाली. ट्रामच्या वरच्या मजल्यावरचे आणि खिडक्यांतले लोक सुटू नयेत म्हणून लांब काठ्यांना थैल्या बांधून पुढे केल्या होत्या. एका दिवसात पाच हजार पौंडांहून अधिक जमले. ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या वर्गणीची सुरुवात या दिवसापासून मोजतात.

दुसरे देश दुसऱ्या वाटेने गेले. जर्मनीत 1969 मध्ये ब्यॉर्न श्टायगर नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गाडीने उडवलं. अँब्युलन्स यायला जवळपास तास लागला आणि तो वाटेत गेला. आई-वडिलांनी त्याच्या नावाने संस्था काढली, आणि जर्मनीची सबंध आपत्कालीन व्यवस्था बदलण्यात तिचा मोठा वाटा आहे. पण तिथे उड्डाणाचा खर्च मुख्यतः आरोग्य विमा देतो. स्वित्झर्लंडच्या ‘रेगा’ या हवाई बचावसेवेला लाखो कुटुंबं दरवर्षी ठरावीक रक्कम देतात. आघात तिन्ही देशांत सारखेच. पण हेलिकॉप्टरसाठी डोंगर चढण्याची रीत रुजली ती ब्रिटनमध्ये.

पैसे जातात कुठे

एअर अँब्युलन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उडणारी टॅक्सी येते: रुग्णाला उचललं, रुग्णालयात सोडलं. प्रत्यक्षात ती उलट दिशेने जास्त उपयोगी पडते. ती रुग्णालय रुग्णाकडे नेते.

हेलिकॉप्टरमधून उतरणारे डॉक्टर रस्त्याच्या कडेला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालू शकतात, छातीत कोंडलेली हवा काढू शकतात. 1993 मध्ये लंडनच्या पथकाने चाकूने भोसकलेल्या माणसाची छाती रुग्णालयाबाहेर, जागेवरच उघडली आणि तो वाचला. 2012 पासून त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये रक्ताच्या पिशव्या असतात. आधी रुग्ण रक्तापर्यंत पोचायचा, आता रक्त रुग्णापर्यंत जातं. पुष्कळदा असंही होतं, की डॉक्टर हवेतून येतात, रुग्णाला स्थिर करतात आणि त्याच्याबरोबर साध्या अँब्युलन्समधून रस्त्याने जातात. रात्री लंडनसारख्या शहरात हेलिकॉप्टर उतरवणं धोक्याचं, म्हणून तेच पथक मोटारीतून निघतं. ‘एअर अँब्युलन्स’च्या देणगीतून पेट्रोलवर चालणारी गाडीही विकत घ्यावी लागते, ती यामुळे.

गंभीर जखमींसाठी गेल्या पंधराएक वर्षांत इंग्लंडमध्ये मोजकी मोठी अपघात-उपचार केंद्रं ठरवली गेली. तेव्हापासून जवळचं छोटं रुग्णालय ओलांडून थेट त्या केंद्राला जायचं, अशी पद्धत पडली. अंतर वाढलं, आणि अंतर वाढलं की हेलिकॉप्टरची गरज वाढते. वैमानिक, देखभाल, इंधन, डॉक्टरांचा वेळ, औषधं धरून एका फेरीचा खर्च हजारो पौंडांत जातो, आणि अशा फेऱ्या रोजच्या रोज होतात.

पावतीपुस्तक

आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात येतात तेव्हा हातात पावतीपुस्तक असतं. पावती फाडली की देणाऱ्याला वाटतं, चला, व्यवहार झाला. मागणाऱ्यालाही हातात काहीतरी असल्याचा आधार असतो. रिकाम्या हाताने मागणं फार अवघड. ब्रिटिश माणसाला तर ते जन्मजात अवघड. पैशाबद्दल बोलणं तिथे जवळपास असभ्य मानतात. शेजाऱ्याला ‘वीस पौंड दे’ असं तोंडावर म्हणायची त्याची प्राज्ञा नाही. पण ‘मी तीन डोंगर चढतोय, तू किती लावतोस?’ असं तो सहज विचारू शकतो. घाम हेच त्याचं पावतीपुस्तक.

पूर्वी हे काम कागदावर चालायचं. कार्यालयातल्या चहाच्या खोलीत एक तक्ता लटकायचा: नाव, पत्ता, मैलामागे किती पेन्स, एकूण किती. पहिल्या माणसाने पाच पौंड लिहिले की पुढच्यांना एक पौंड लिहायची लाज वाटे. हा निव्वळ अंदाज नाही. लंडन मॅरेथॉनमधल्या धावकांच्या ऑनलाइन देणगी-पानांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा तेच दिसलं: पानावर आधी मोठी रक्कम पडली की नंतर येणारे आपला आकडा वर सरकवतात. चहाच्या खोलीतला तक्ता इंटरनेटवर गेला, माणूस होता तिथेच राहिला.

इंटरनेटचा हा काळ एअर अँब्युलन्सना फार लाभला. करदात्याने दिलेल्या देणगीवरचा प्राप्तिकर सरकारने संस्थेला परत द्यायचा, ही ‘गिफ्ट एड’ योजना 1990 मध्ये आली तेव्हा ती फक्त मोठ्या देणग्यांसाठी होती. एप्रिल 2000 मध्ये किमान रकमेची अट गेली. त्यामुळे आता शंभर पौंड दिले की संस्थेला सव्वाशे मिळतात. 2001 मध्ये ‘जस्टगिव्हिंग’ हे संकेतस्थळ सुरू झालं आणि कुणालाही दहा मिनिटांत स्वतःचं देणगी-पान काढता येऊ लागलं. यॉर्कशर, ईस्ट अँग्लिया, डॉर्सेट-सॉमरसेट, वेल्स या सेवा याच वर्ष-दीड वर्षात जन्मल्या. एकाच वेळी छोटी देणगी फायद्याची झाली, मागण्याचं साधन हातात आलं आणि मागण्यासारखं काही गावागावावर उडू लागलं.

या तिन्हींचा जोर पहिल्यांदा ठळक दिसला तो सप्टेंबर 2006 मध्ये. ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमाचा एक सूत्रधार रिचर्ड हॅमंड यॉर्कजवळ जेट इंजिनाची गाडी ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वर नेत असताना टायर फुटून उलटला. यॉर्कशर एअर अँब्युलन्सने त्याला लीड्सच्या रुग्णालयात नेलं. त्याच्या चाहत्यांनी सेवेसाठी देणगी-पान काढलं आणि काही दिवसांत त्यावर लाखाहून अधिक पौंड जमले. गाडी उलटली होती एकाची. देणारे बहुतेक जण त्याला कधी भेटलेही नव्हते.

घाम आणि पैसा यांच्या नात्याकडे मानसशास्त्रज्ञांचंही लक्ष गेलं. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफिर यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विचारलं: सत्कार्यासाठी सहल असेल तर किती द्याल, आणि पाच मैलांची धाव असेल तर किती? शहाण्या माणसाने सहलीला जास्त द्यावेत. लोकांनी धावेला जास्त दिले. दुसऱ्या एका प्रयोगात पैसे द्यायचे तर आधी बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायची अट होती. तरी देणारे हात आखडले नाहीत, उलट सढळ झाले. कष्ट पडले की देणं अर्थपूर्ण वाटतं, असा त्यांचा निष्कर्ष. मात्र हे सगळीकडे लागू पडत नाही. कारण माणसाच्या दुःखाचं असेल तर कष्टांचा परिणाम दिसतो. मौजेच्या कारणासाठी, समजा बागेसाठी, तो ओसरतो. नवसाला पायी जाणाऱ्या आपल्या आज्यांना हे प्रयोगाविना ठाऊक होतं. एसटीने गेलं तर देव भेटत नाही असं कुणी म्हटलेलं नाही, पण चालत गेलेल्याचं मागणं ऐकलं जातं, ही समजूत जुनीच.

हिशेबाची दुसरी बाजू

घामाचा हिशेब नेहमी जमेतच येतो असं नाही. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात पाच वर्षं पॅराशूट उड्यांतल्या जखमींची नोंद ठेवली. बहुतेक सगळे जखमी धर्मादाय कामासाठी आयुष्यात पहिल्यांदाच उडी मारणारे निघाले. कुणाचा घोटा मोडलेला, कुणाचा मणका. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा: प्रत्येक उडीबाज सरासरी 30 पौंड जमवत होता, आणि संस्थेला मिळालेल्या दर पौंडामागे सरकारी आरोग्य सेवेचे उपचारांवर 13.75 पौंड खर्च होत होते. त्यांनी घरी बसून आरोग्य सेवेलाच चेक पाठवला असता तर सगळ्यांचं भलं झालं असतं, घोट्यांचंही.

दुसरी अडचण डोंगरांची. बेन नेव्हिस (1,345 मीटर), स्कॅफेल पाइक (978 मीटर) आणि वेल्समधलं अर् विद्वा ऊर्फ स्नोडन (1,085 मीटर) ही तिन्ही शिखरं चोवीस तासांत करायची, मधला साडेचारशे मैलांहून जास्त प्रवास गाडीने, असं एक लोकप्रिय आव्हान आहे. जूनमधल्या मोठ्या दिवसांत स्कॅफेलच्या पायथ्याशी वॉसडेलला मध्यरात्री गाड्यांची दारं आपटतात, कचरा पडतो, पायवाटा झिजतात. वाट चुकलेल्यांना शोधायला जे बचावपथक उठतं, तेही स्वयंसेवकांचं आणि देणग्यांवर चालणारं. एका बचावसेवेसाठी निधी जमवताना दुसरीला झोपेतून उठवायचं, असा हा प्रकार.

आणि आव्हानांतून येणारा पैसा हा सगळा पैसा नव्हे. या संस्थांची बरीचशी मिळकत साप्ताहिक सोडतीतून, मृत्युपत्रांतून, जुन्या कपड्यांच्या दुकानांतून येते. चार आण्यांची सोडत घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा फोटो कुणी काढत नाही. तरी संस्था धावणाऱ्यांना सोडत नाहीत. लंडन मॅरेथॉनमधली जागा त्या पैसे देऊन घेतात आणि धावकाकडून साधारण दोन हजार पौंड जमवण्याचं वचन घेतात. एक धावक म्हणजे त्याची बहीण, कचेरी, पब आणि जुनी शाळा. दोन-तीनशे माणसांना त्या दिवशी कळतं, की डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर सरकारचं नसून आपलं आहे. त्यांतला एखादा पुढे सोडत घेतो, एखादी मृत्युपत्रात ओळ घालते. लावणीच्या वेळी पीक मोजत नाहीत.

मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा हीच रीत आपल्याकडे आली. आता जानेवारीत सी-लिंकवर धावणाऱ्या पुष्कळांच्या पाठीवर एखाद्या संस्थेचं नाव असतं आणि महिनाभर आधी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर देणगीची लिंक येऊन पडते. आपली आपत्कालीन अँब्युलन्स, 108 ची, 2014 पासून सरकारी योजनेत आहे आणि ती तशीच असावी. पण मागण्याची ही तऱ्हा आपल्याला परकी वाटली नाही, याचं कारण पावतीपुस्तक आपल्या परिचयाचं.

हॉर्टनच्या त्या शनिवारकडे परत जाऊ. पिवळ्या टी-शर्टवाल्यांत एक प्रकारचा माणूस नेहमी भेटतो: कधीकाळी त्या हेलिकॉप्टरने नेलेला. त्याला त्यातलं काहीच आठवत नसतं, कारण रस्त्यावरच त्याला भूल दिलेली असते. आयुष्यातला एकमेव हेलिकॉप्टर प्रवास, तोही झोपेत. अनेक संस्थांत आता अशा रुग्णांशी नंतर बोलणाऱ्या परिचारिका असतात. त्या दिवशी काय काय झालं ते त्या क्रमाने सांगतात, तळावर बोलावून यंत्र दाखवतात, शक्य असेल तर त्या पथकाशी भेट घालून देतात. माणूस स्ट्रेचरवर हात ठेवून बघतो. वर्ष-दोन वर्षांनी, पाय पुरेसे भरून आले की, तो चालायला येतो.

त्याला पैसे मागायला कुठल्याच पावतीपुस्तकाची गरज नसते. तरी तो चालतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला इंगलबरो उतरताना त्याच्या दुखावलेल्या गुडघ्याची कुरकुर सुरू होते, आणि मागून येणारी शाळेतली बाई विचारते, ‘‘बसायचं का थोडं?’’ तो म्हणतो, ‘‘नको. मला यांनी चालतं केलंय ते बसायला नाही.’’